मुंबापुरीचे नाव आणि नामाचे माहात्म्य

॥ श्री लक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला श्रीक्षेत्र नीरा-नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेस मिळते आणि तेथून पुढे आपले नाव सोडून देते. भीमा पुढे पंढरपुरी पोहोचते, चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि भाविकांच्या मुखी चंद्रभागा होते. पाणी एकच, मात्र काठावरची माणसे बदलली की हाक बदलते. नीरेच्या नावाने दिलेले अर्घ्य भीमेस पोहोचते आणि भीमेत केलेल्या स्नानाचे पुण्य चंद्रभागा नाकारीत नाही, अशी या प्रदेशातील भाविकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

बारामती-इंदापूर परिसरातील देवस्थानांस येणाऱ्या यात्रेकरूंमध्ये मुंबईकरांची संख्या मोठी असते. येथील किती तरी कुटुंबांतील माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस गेली, तेथेच स्थिरावली आणि कुलधर्मासाठी वर्षा-दोन वर्षांनी परत येऊ लागली. त्यांच्यासमवेत हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू बोलणारे शेजारी आणि स्नेहीही येतात. एक जण गावाचे नाव ‘मुंबई’ सांगतो, दुसरा ‘बंबई’, तिसरा ‘बॉम्बे’, तर एखादी वृद्ध माउली अजूनही ‘ममई’ म्हणते. ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसतो, कोणी रागावतो, कोणी सुधारू पाहतो. वरकरणी हा एका बंदराच्या नावाचा प्रश्न दिसतो. परंतु ज्या नावात देवीच वास करते, त्याचा विचार नाममाहात्म्यापासून वेगळा काढता येत नाही.

नावात वसलेली आई

आज एकसंध दिसणारी मुंबई मूळची सात बेटांची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे. भरतीच्या वेळी त्यांच्यामधून समुद्र वाहत असे. या बेटांवर मासेमारी करून राहणाऱ्या कोळी समाजाची देवता म्हणजे श्री मुंबादेवी. ‘मुंबा’ आणि ‘आई’ या दोन शब्दांच्या मिलाफातून ‘मुंबाई’ व पुढे ‘मुंबई’ झाले, ही व्युत्पत्ती आज सर्वाधिक मान्य आहे. ‘मुंबा’ हा शब्द ‘महाअंबा’ या नावावरून आला असे कित्येक अभ्यासक मानतात. मुंगा नावाच्या कोळी भक्ताने देवीची स्थापना केली आणि त्याच्या नावावरून देवीचे नाव पडले, अशीही एक परंपरा सांगितली जाते.

देवीच्या माहात्म्यकथेत आणखी एक अर्थगर्भ प्रसंग येतो. मुंबारक नावाचा असुर लोकांस छळू लागला, तेव्हा ब्रह्मदेवाने अष्टभुजा देवी निर्माण करून तिला त्याच्यावर पाठविले. पराभूत असुर शरण आला आणि त्याने एकच वर मागितला, की देवीने त्याचे नाव धारण करावे. देवीने तो दिला. ज्याच्याशी युद्ध केले त्याचेही नाव आई आपल्या नावात सामावून घेते, ही या कथेची शिकवण पुढील विवेचनात उपयोगी पडणारी आहे.

देवीचे जुने मंदिर बोरीबंदरच्या परिसरात होते. अठराव्या शतकात ते तेथून हलले आणि भुलेश्वर भागात, आजच्या झवेरी बाजारालगत, नवे देवालय उभे राहिले. जुन्या स्थानाच्या परिसरातून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. तेथील भव्य स्थानक इंग्लंडच्या राणीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. बेटांमधील समुद्र बुजला, डोंगर सपाट झाले, देऊळ हलले, राज्ये आली आणि गेली. देवीचे नाव मात्र कोळणीच्या ओठांवर होते, तेथून ते कोणासही हलविता आले नाही.

ओठांवरचे नाव

‘मुंबई’चे ‘बंबई’ आणि ‘बॉम्बे’ कसे झाले, याचे उत्तर वर्णमालेतच आहे. प, फ, ब, भ, म हे पाच वर्ण ओष्ठ्य होत; दोन्ही ओठ मिटल्याशिवाय ते उमटत नाहीत. ‘म’ आणि ‘ब’ यांत ओठांची ठेवण एकच असते. फरक इतकाच, की ‘म’ म्हणताना श्वास नाकावाटेही जातो आणि ‘ब’ म्हणताना ती वाट बंद राहते. पडसे झालेल्या बालकाने ‘मामा’ म्हटले तर ते ‘बाबा’सारखे ऐकू येते, त्याचे कारण हेच. ‘मुंबई’ या नावात अनुस्वाराचा उच्चारही ‘म्’ असाच होतो, म्हणजे तेथे म, पुन्हा म् आणि लगेच ब अशी सख्ख्या भावंडांची रांग लागते. अशा ठिकाणी परक्या जिभेकडून पहिल्या ‘म’चा ‘ब’ होणे अगदी सहज आहे.

या संदर्भात बारामतीकरांस आपल्या कविवर्यांचे स्मरण व्हावे. मोरोपंत (१७२९ ते १७९४) यांनी बाबूजी नाईक बारामतीकर यांच्या आश्रयाने बारामतीत राहून प्रचंड काव्यरचना केली. रामकथा त्यांनी शंभराहून अधिक प्रकारे गायिली. त्यांपैकी एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे, म्हणजे ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले रामायण. ‘राम’ या दोन अक्षरांतील ‘म’ ओष्ठ्यच आहे, हे ध्यानी घेतले की या रचनेचे मर्म कळते. रामाची कथा सांगावयाची आणि ‘राम’ हे अक्षरद्वयच उच्चारावयाचे नाही! तरीही ती कथा रामाचीच राहिली. प्रभूचे प्रसिद्ध नाव ओठांवर न येताही त्याची भक्ती करता येते, हे कऱ्हेकाठच्या या कवीने प्रत्यक्ष करून दाखविले.

वारीतही हेच दिसते. जगद्‌गुरू तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, इंदापूर या मार्गाने पंढरीस जाते. त्या दिंड्यांत विठ्ठल, विठोबा, विठाई, पांडुरंग अशी नावे दुमदुमतात आणि खेड्यांतील किती तरी वारकरी सरळ ‘इठ्ठल’, ‘इठोबा’ म्हणतात. ‘व’ गळाला म्हणून आजवर कोणा वारकऱ्यास दिंडीतून बाहेर काढल्याचे ऐकिवात नाही. वाल्या कोळ्याच्या कथेत तर उलटे म्हटलेले नामही तारून नेते.

परक्यांच्या वह्यांतील नाव

पोर्तुगीजांच्या जुन्या नोंदी पाहिल्या म्हणजे ‘म’ आणि ‘ब’ यांची ही अदलाबदल डोळ्यांपुढे उभी राहते. १५२५ च्या नोंदीत हे नाव ‘मोंबाइन’ अशा रूपात येते; १५५२ च्या सुमारास ‘बोंबाइं’ दिसते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून ही बेटे पोर्तुगीजांकडे आली आणि त्यांतील मुंबईचे बेट पुढे गार्सिया द ओर्ता या वैद्यास पोर्तुगालच्या राजाकडून कायम खंडाने मिळाले. ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्यांनी आपल्या बेटावरील सुपारीची वाखाणणी केली आहे आणि बेटाचे नाव ‘म’ने लिहिले आहे, ‘मोंबाइं’! अठराव्या शतकातील ‘मिराते अहमदी’ या फारसी ग्रंथातही ‘मनबाई’ असे ‘म’नेच सुरू होणारे रूप आढळते.

पोर्तुगीज भाषेत ‘चांगला उपसागर’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘बॉम्बे’ हे नाव पडले, असे अनेक वर्षे शाळांतूनही सांगितले जात असे. परंतु त्या भाषेत उपसागरास असलेला शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्यापूर्वी ‘बोम’ असे पुल्लिंगी विशेषण येत नाही, ‘बोआ’ असे स्त्रीलिंगी रूप यावे लागते. शिवाय सर्वांत जुन्या पोर्तुगीज नोंदींत ‘म’ स्पष्ट आहे. म्हणजे परक्यांनी नवे नाव ठेवले नाही. कोळ्यांच्या तोंडून ऐकलेलेच नाव त्यांनी आपल्या कानाने ऐकले, आपल्या लिपीत उतरविले आणि पुढे त्यास आपल्या भाषेतला अर्थ चिकटविला.

१६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या करारात मुंबईचे बेट आंदण म्हणून देण्यात आले. १६६५ साली इंग्रजांनी ताबा घेतला आणि १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिले. पोर्तुगीजांचा शेवटचा नासिक्य स्वर इंग्रजांनी गाळला आणि ‘बॉम्बे’ रूढ झाले.

आपल्या देशातील भाषांनीही आपापली रूपे घडविली. हिंदी व उर्दूत ‘बंबई’, तेलुगू व कन्नडमध्ये ‘बोंबायि’ असे म्हटले जाई. तमिळ लिपीत प आणि ब यांस एकच अक्षर असल्यामुळे नाव ‘पम्बाय्’ असे लिहीत आणि आरंभी ‘ब’ उच्चारीत. मराठी व गुजराती माणसांनी मात्र ‘मुंबई’च म्हटले. १८२२ पासून निघत असलेल्या ‘मुंबई समाचार’ या गुजराती वृत्तपत्राच्या गुजराती नावात पहिल्यापासून ‘मुंबई’ होती, इंग्रजी अक्षरांत तेच पत्र ‘बॉम्बे समाचार’ असे. १९९५ साली इंग्रजीतील अधिकृत नावही ‘मुंबई’ झाले. तरी उच्च न्यायालयाच्या आणि पवई येथील तंत्रज्ञान संस्थेच्या इंग्रजी नावांत ‘बॉम्बे’ अद्याप आहे. इंग्रजी अक्षरांवरून वाचणारे परदेशी लोक आज ‘मुम्बाय’ म्हणतात. पाटी बदलली, तरी प्रत्येक जिभेचे वळण निराळे राहणारच.

राजाचे नाव आणि प्रल्हादाचे नाम

मग सर्व उच्चार सारखेच मानावे काय? आईचे नाव कोणी कसेही घ्यावे काय? येथे नरसिंहपूर क्षेत्राची कथा मार्ग दाखविते. या क्षेत्री भक्त प्रल्हादाने तप केले आणि वाळूची नृसिंहमूर्ती घडवून तिची पूजा केली, अशी परंपरा आहे. हिरण्यकशिपूचा प्रल्हादावर राग कशासाठी होता? प्रल्हाद कोणाचे राज्य मागत नव्हता, सैन्य उभारीत नव्हता. तो केवळ एक नाम घेत होता. राजाची आज्ञा अशी, की साऱ्या प्रजेने त्याचेच नाव घ्यावे. ज्याला दुसऱ्याचे नाव सहन होत नाही, त्याच्या अहंकारास सीमा राहत नाही, हे या कथेतून उमगते.

यावरून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ‘मुंबई’ म्हणण्याची इच्छा आहे, पण जीभ ‘बंबई’ म्हणते, हा जिभेचा स्वभाव होय आणि त्यात दोष नाही. ‘तुझे नाव काय’ हे विचारण्याची गरजच वाटत नाही, किंवा ऐकूनही ‘ठेवीन ते नाव तुला घ्यावे लागेल’ असे म्हणावेसे वाटते, हा अहंकार होय आणि दोष त्यात आहे. बंदराचे नाव तीन शतके इंग्रजी कागदावर वेगळे लिहिले गेले, याचे दुःख उच्चाराच्या फरकाचे नव्हते. ज्यांची ती भूमी, त्यांना विचारण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही, याचे ते दुःख होते. म्हणून १९९५ चा निर्णय अनेकांस न्याय्य वाटला.

परंतु हीच कसोटी उलट दिशेनेही लावावी लागते. पंढरीच्या वाटेवर भेटलेल्या एखाद्या हिंदीभाषक वृद्धाने ‘बंबई’ म्हटले म्हणून त्यास टोचून बोलणे, हेही दुसऱ्याची जीभ आपल्या मुठीत घेऊ पाहणेच आहे. त्या वृद्धाच्या ‘बंबई’मध्ये त्याच्या आयुष्यभराची मजुरी, भाड्याची खोली आणि गावी पाठविलेल्या मनिऑर्डरी असतात. मुंबारकाचेही नाव जिने सामावून घेतले, ती आई या हाकेस ओ देणार नाही, असे कसे मानावे?

पाण्याखालचे गाव

नाव जपणे म्हणजे काय, हे इंदापूर तालुक्यास निराळे शिकविण्याची आवश्यकता नाही. भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि काठावरची अनेक गावे जलाशयाखाली गेली. पळसदेव त्यांपैकी एक. तेथील प्राचीन पळसनाथ मंदिर वर्षातील बराच काळ पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी पुरेसे ओसरले की शिखर, मग मंडप दिसू लागतो आणि लोक दर्शनास जातात. ग्रामस्थांनी वरच्या बाजूस पुन्हा वस्ती केली आणि तिलाही पळसदेव हेच नाव ठेवले. घर, शेत, पार, पाणवठा यांतले काहीच उचलून नेता आले नाही. जे उचलता आले ते देव आणि नाव.

बोरीबंदरहून हललेली मुंबादेवी आणि पाण्यातून वर आलेले पळसदेव यांची कथा या अर्थी एकच आहे. जागा जाते, वास्तू जाते. नाव मात्र घेणारा जिवंत आहे तोवर राहते, आणि ते राखण्याचे काम ज्यांच्यापाशी दुसरे काही उरले नाही अशा सामान्य माणसांनीच बहुधा केलेले असते. मुंबादेवीचे नाव कोणा राजाने जपले नाही. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायांनी ते जपले.

भाविकांस विनंती

क्षेत्री पूजेस बसल्यावर संकल्पात देश, काळ, गोत्र आणि नाव यांचा उच्चार करावा लागतो. तेथे नगराचे नाव आले, तर त्यासमवेत आजोबा-पणजोबांच्या गावाचे नावही मुलांकडून म्हणवून घ्यावे. मुलांचा उच्चार चुकला तर हसू नये, कारण पहिल्याने म्हटलेले नाव नेहमीच थोडे अडखळते. हसण्याने जीभ शुद्ध होत नाही, ती गप्प होते. आणि गप्प झालेल्या जिभेवरून गावाचे नाव एका पिढीत पुसले जाते.

देणगीची पावती करताना नाव घरी जसे म्हणतात तसेच सांगावे. दगडू, धोंडीबा, कचराबाई अशी नावे सांगताना काही भाविक संकोचतात. लेकरे जगत नव्हती, त्या काळी दृष्ट लागू नये म्हणून आयांनी नवसाने ठेवलेली ही नावे आहेत. त्यांत लाज वाटण्याजोगे काहीही नाही. पावती लिहिणाऱ्यानेही आपल्या मनाने ती सुधारू नयेत. कळले नाही तर पुन्हा विचारावे.

आणि शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. मुंबईचे नाव शुद्ध उच्चारले जावे असा आग्रह असणाऱ्या प्रत्येक सद्‌गृहस्थाने घरी परतल्यावर एक गोष्ट मनाशी पडताळून पाहावी. घरची भांडी घासणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, दुकानातला पोऱ्या, रोज दारात मासळी किंवा भाजी आणणारी मावशी यांची नावे ठाऊक आहेत काय? वर्षानुवर्षे ‘ए बाई’, ‘अरे पोरा’ एवढ्यावर भागविले जात असेल, तर तेथे आईच्याच नावाचा विसर पडला आहे असे समजावे. कोळणीने सांगितलेले नाव परक्या दर्यावर्दींनी निदान वहीत लिहून घेतले, मोडके का होईना. घरात वावरणाऱ्या माणसाचे नाव विचारलेही जात नसेल, तर बंदराच्या नावासाठी रागावण्याचा अधिकार कितीसा उरतो?

देवळाच्या पायरीवर घेतलेले नाम देवापर्यंत पोहोचते, ही श्रद्धा खरी आहे. माणसाने माणसास त्याच्या नावाने प्रेमाने मारलेली हाकही तेथेच पोहोचते. यात्रेहून परतताना प्रसादासोबत एवढा एक नेम न्यावा: ज्याच्या हातचे पाणी घेतले, त्याचे नाव विचारावे आणि तो सांगेल तसे म्हणण्याचा यत्न करावा. जीभ अडखळली तरी चालेल. आई मुंबा तीनशे वर्षे अडखळलेल्या जिभा ऐकत आली आहे.

॥ श्री लक्ष्मीनृसिंहार्पणमस्तु ॥
॥ शुभं भवतु ॥